आल्प्समध्ये हटवर मुक्काम करून शिखर: बाबांना झुगश्पिट्झला पायी न्यावं का?

इसारकाठचा | ११ मे

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. मी म्युनिकला असतो, चार वर्षं झाली. ऑगस्टमध्ये नाशिकहून आईबाबा येतायत. आईने आत्ताच जाहीर केलंय की ती रोपवेने वर येणार आणि आम्ही पोचेपर्यंत कॉफी पीत बसणार, तिचा प्रश्न मिटला. प्रश्न बाबांचा आहे. वय ६२, गुडघे ठणठणीत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा केलाय, कळसूबाई तर किती वेळा ते त्यांनाही आठवत नाही, आणि अजून दर रविवारी रामशेज नाहीतर ब्रह्मगिरी असतोच. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला की झुगश्पिट्झ जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, २९६२ मीटर, आणि वर पायीपण जाता येतं. आता म्हणतात पाळण्यात बसून शिखरावर जायचं असेल तर मी नाशिकलाच बरा.

मी इथे छोटे डोंगर केलेत, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत असेच. हटवर, म्हणजे ट्रेकर्ससाठी डोंगरात बांधलेल्या मुक्कामाच्या घरात, कधी राहिलो नाही. राइनटालच्या वाटेने जायचं, मध्ये क्नोरह्युट्टं नावाच्या हटवर एक रात्र, दुसऱ्या दिवशी शिखर आणि उतरताना रोपवे असं डोक्यात आहे. ६२ वर्षांच्या माणसाला झेपेल का? हटवर नक्की कसं असतं, म्हणजे आपल्या धर्मशाळेसारखं की हॉटेलसारखं? आणि बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, अंडं चालतं.

---

दगडफूल | ११ मे

झेपेल. राइनटालमध्ये अवघड असं शेवटचे ३५०-४०० मीटर सोडून काही नाही, फक्त लांब आहे, भयंकर लांब. पायथ्याच्या गार्मिश गावातल्या ऑलिम्पिक स्की स्टेडियमपासून शिखरापर्यंत २१ किमीच्या आसपास आणि चढाई सव्वादोन हजार मीटर. बारी गावातून कळसूबाई साधारण आठ-साडेआठशे मीटर चढायची असते, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक रचल्या असं समजा. एका दिवसात करणारे लोक असतात पण त्यांच्या नादी लागू नका, हटचा बेत अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. इथल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. त्याचं गणित असं की सपाटीला तासाला ४ किमी, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला ५००. दोन्ही आकडे वेगळे काढायचे, मोठा पूर्ण धरायचा आणि लहानाचा अर्धा त्यात मिळवायचा. स्टेडियम ७३० मीटरवर, क्नोरह्युट्टं २०५१ वर, म्हणजे चढ १३२१, त्याचे साडेचार तास, अंतर साधारण १६ किमी त्याचे चार, त्यातले दोन मिळवा, झाले साडेसहा. यात चहा, फोटो, बूट काढून पाय पाण्यात घालून बसणं काही धरलेलं नाही. तुम्ही नऊ तास धरा.

---

धडाड_धूम | ११ मे

राइनटाल म्हणजे जंगलातला मॉर्निंग वॉक आहे हो, बोअर. होलेंटालच्या वाटेने जा! लोखंडी खुंट्या, उभ्या कातळात ठोकलेल्या सळया, वर ग्लेशियर, सगळं एका दिवसात. नळीची वाट केलेला माणूस आहे ना, त्याला काय होतंय.

---

ग्राझची_मावशी | १२ मे

धडाड_धूम, दुसऱ्याच्या वडिलांना असले सल्ले देऊ नयेत. होलेंटालला हेल्मेट, हार्नेस, क्लेटरश्टाइगचा, म्हणजे लोखंडी दोराच्या वाटेचा सेट लागतो, बर्फावर चालायला पायाला काटे लागतात. आणि ऑगस्टची खरी गोम वेगळीच आहे. बर्फ वितळून कातळापासून सुटलेला असतो, मध्ये फट पडते, आणि बर्फावरून कातळावर पाय टाकायची तीच जागा असते. उन्हाळा जसा पुढे सरकतो तशी ती फट रुंद होत जाते. नळीच्या वाटेत घसरलं तर ढोपर फुटतं, इथे माणूस बर्फाखाली जातो. वर शनिवार-रविवारी सळयांवर रांग लागते, मागचा ढकलत असतो, पुढचा घाबरून थिजलेला असतो.

इसारकाठचा, तू राइनटालच कर. बुकिंग मात्र आजच बघ, ऑगस्टातला शनिवार मिळणारच नाही, मधला वार बघ. आणि बेत रद्द झाला तर हटला कळव म्हणजे कळवच. नुसतं "नाही गेलो, काय बिघडलं" असं चालत नाही. माझ्या ओळखीतले चौघे वाटेतूनच परत फिरले आणि हटला फोन केला नाही, तिकडे रात्री ८ ला जेवणाची चार ताटं रिकामी बघून त्यांनी बचावपथकाला कळवायची तयारी केली होती.

---

सह्यवेडा_पुणे | १२ मे

वाचतोय. अवांतर होईल थोडं, पण हटचा अनुभव म्हणून सांगतो. आम्ही तिघांनी पुण्याहून जाऊन माँ ब्लाँ पर्वताची प्रदक्षिणा केली, १७० किमी, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड, ११ दिवस. व्हिसा एकच शेंगेन, तिन्ही देशांना तोच चालतो, खिंडीत कोणी विचारतही नाही. कोल द ला सेन्य ही खिंड, २५१६ मीटर, तिथे एका पायाखाली फ्रान्स, दुसऱ्या पायाखाली इटली, आणि मधोमध दगडांचा ढीग, बस. व्हिसासाठी विमा काढतो ना आपण, त्याची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पॉलिसीत अमुक मीटरच्या वरचं ट्रेकिंग धरतच नाहीत.

इटलीत बोनात्ती नावाचं रिफ्यूज (तिकडे हटला असं म्हणतात) आहे, वॉल्टर बोनात्ती या गिर्यारोहकाच्या नावाचं. समोर ग्रांद जोरास या डोंगराची भिंत. संध्याकाळी तिथे बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या मित्राला घोरण्यावरून एका फ्रेंच आजोबांनी आदल्या रात्रीचा सूड म्हणून दोन इअरप्लग भेट दिले. तात्पर्य काय, इअरप्लग न्या. हे सगळ्या यादीत पहिलं लिहा, बुटांच्याही आधी.

---

काटेकोर | १३ मे

हटवर कसं असतं हा मूळ प्रश्न राहूनच गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

धर्मशाळाही नाही आणि हॉटेलही नाही. बहुतेक हट्स अल्पाइन क्लबांच्या मालकीच्या असतात. ऑस्ट्रियाचा क्लब १८६२ चा, स्विस आणि इटालियन १८६३ चे, जर्मन १८६९ चा. सभासदांच्या वर्गणीतून बांधलेल्या, मग एखादं कुटुंब उन्हाळ्यापुरतं ती चालवायला घेतं. जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत साधारण हंगाम. तिथे येणारा प्रत्येक बटाटा सामानाच्या छोट्या रोपवेने नाहीतर हेलिकॉप्टरने येतो, आणि कचराही तसाच खाली जातो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. कचरा आपला आपण खाली न्यायचा, फोन चार्जिंगला रांग, गरम पाण्याची आंघोळ असली तर टोकन घेऊन काही मिनिटांची, नसली तर नाही. काही ठिकाणी कार्ड चालतं, काही ठिकाणी नाही, म्हणून रोख न्या.

बूट दाराशी काढायचे, त्यासाठी वेगळी खोली असते, वास विचारू नका. आत घरातल्या चपला. झोपायला एकतर चार-सहा जणांची खोली नाहीतर लागर, म्हणजे एका लाइनीत गाद्या. गादी, उशी, ब्लँकेट ते देतात पण स्वतःचा पातळ लायनर नेणं सक्तीचं आहे, कॉटनचा किंवा सिल्कचा, आपल्या उशीच्या अभ्र्यासारखा लांबलचक. विसरलात तर तिथे विकत घ्यावा लागतो. रात्री १० ला दिवे बंद. ज्यांना पहाटे निघायचंय त्यांनी सॅक रात्रीच भरून दाराबाहेर ठेवायची, पहाटे ४ ला प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणाऱ्या माणसाइतका तिरस्कार आल्प्समध्ये कोणाचाच होत नाही.

हटवर एक वही असते, तिच्यात नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं. लोकांना वाटतं अभिप्रायाची वही आहे, "खूप छान व्यवस्था" वगैरे लिहितात. ती शोधासाठी असते. माणूस पोचला नाही तर शेवटचा माग तिथूनच लागतो.

आणि सभासदत्व घ्या. ऑस्ट्रियन क्लब कुठल्याही देशाच्या माणसाला घेतो, हटवर झोपायला सवलत मिळते आणि बचावाचा विमा त्यातच येतो. ऑस्ट्रियात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचललं तर साधा आरोग्य विमा ते बिल भरत नाही, आणि झुगश्पिट्झच्या माथ्यावरून तर सरहद्दच जाते, कुठल्या बाजूला पडाल सांगता येत नाही. (हलके घ्या.)

---

भटकी_वेणू | १३ मे

काटेकोर, मस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

शाकाहाराबद्दल मी सांगते, मी बारा वर्षं हेच खातेय. केझेश्पेट्झलं, म्हणजे चीज घातलेल्या पिठाच्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा, पोटभर. कायझरश्मार्न, जाड गोड ऑम्लेटसारखा पॅनकेक फाडून तुकडे केलेला, सोबत सफरचंदाची किंवा आलुबुखाराची चटणी, अंडं चालत असेल तर तेच दोनदा जेवा. फसवणूक होते ती सूपमध्ये. चीजचे वडे घातलेलं सूप मेन्यूत बिनमांसाचं दिसतं, वडे शाकाहारीच असतात पण पाणी बीफचं असतं!! मसूर सूपमध्येपण डुकराचे बारीक तुकडे निघतात. "फ्लाइश (मांस) नाही" एवढं सांगून भागत नाही, "रस्सा कशाचा" हे विचारा. बुकिंग करतानाच शाकाहारी कळवलं तर बरं.

स्वतःचा डबा हटच्या आत बसून उघडणं बरं दिसत नाही, त्यांचं पोट त्या जेवणावरच आहे. बाहेर वाटेत बसून दशम्या-चटणी खा की, कोण नको म्हणतंय. मी तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की सोडून दुसरं काही खिशात ठेवत नाही.

---

रानवारा | १४ मे

स्वित्झर्लंडवाले कुठे गेले? मी बर्नला आहे. तिकडे हट अजून शिस्तीची, संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी एकदम जेवायचं, टेबलावर नावाची चिठ्ठी, अनोळखी लोकांशेजारी. सूप, मुख्य, गोड. वाढणारा भांडं टेबलावर ठेवतो आणि पंगतीसारखं एकमेकांना वाढायचं. सकाळी थर्मासमध्ये चहा भरून देतात. पाणी मात्र उंचावरच्या बऱ्याच हटवर नळाला पिण्यालायक नसतं, मी एकदा दीड लिटरच्या बाटलीला साडेनऊ फ्रँक मोजलेत, पिताना घोट घोट जाणवत होता.

वाटांचे रंग ध्यानात ठेवा. स्विसमध्ये पिवळी साधी, पांढरा-लाल-पांढरा डोंगराची, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे आता दोर आणि अक्कल दोन्ही लागणार. ऑस्ट्रिया-जर्मनीत निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड. निळा इकडे सोपा आणि तिकडे अवघड, यात लोक फसतात.

आलेच ग्लेशियरवर कोंकोर्डिया हट आहे, २८५० मीटरवर. १८७७ मध्ये पहिली हट बांधली तेव्हा ती बर्फापासून ५० मीटर वर होती. आता बर्फ इतका खाली गेलाय की कातळाला लोखंडी जिना लावलाय, चारशेच्या वर पायऱ्या, आणि बर्फ आणखी खाली गेला की जिना खालून वाढवावा लागतो. दिवसभर बर्फावर चालून शेवटी तो जिना बघितला की रडू येतं. मला आलं होतं.

---

ग्राझची_मावशी | १४ मे

तुमच्या झुगश्पिट्झवरही तेच आहे. क्नोरह्युट्टंच्या वर जे मोठं पठार लागतं तिथल्या दक्षिण श्नीफर्नरला २०२२ मध्ये ग्लेशियर म्हणणंच बंद केलं, इतकं कमी उरलं. त्यानंतर जर्मनीत चारच राहिले.

इसारकाठचा, त्या पठारावर पाणी मिळणार नाही हं. सगळा चुनखडीचा खडक, बर्फाचं पाणी भेगांतून आत मुरतं आणि खाली राइनटालमध्ये झरा होऊन बाहेर येतं, तीच पार्टनाख नदी. खाली नदीकाठाने चालताना पाण्याची चैन असते म्हणून माणूस गाफील राहतो. हटवर बाटल्या भरून घ्या.

आणि दुपारच्या विजा. ऑगस्टात सकाळ लख्ख असते, १ वाजता ढग फुलतात, ३ ला गडगडाट. शेवटच्या टप्प्यात लोखंडी दोर आहे, वीज चमकत असताना लोखंडाला धरून लटकायचं नाही. पहाटे निघालात तर ११ पर्यंत वर असाल. संकटात खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरी, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. फोन ११२, ऑस्ट्रियात १४०.

---

इसारकाठचा | १५ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. १९ ऑगस्टच्या आठवड्यात मधला वार मिळाला, लागरमध्ये दोन जागा. बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "ती मावशी कोण, बाई शहाणी आहे."

---

इसारकाठचा | २७ ऑगस्ट

धागा वर काढतोय. करून आलो!!

सकाळी म्युनिकहून गाडी, सव्वा तास आणि वर थोडं, गार्मिश. स्टेडियमपासून पार्टनाखक्लाम, म्हणजे ती अरुंद घळ, तिकीट काढून आत जायचं, दोन्हीकडे ऐंशी मीटर कातळ आणि खाली पाणी नुसतं उकळतंय. बाबा तिथेच पाऊण तास थांबले. मी घड्याळ बघतोय आणि ते भिंतीवर हात ठेवून "हे पाण्याने कापलंय रे" एवढंच परत परत. त्यानंतर दरी रुंद होते आणि मग चाल चाल चाल. दगडफूल, नऊ तासांचा अंदाज बरोबर निघाला, साडेआठ लागले.

आता खरी गंमत. वाटेतल्या राइनटालआंगरह्युट्टं या हटवर, १३७० मीटरवर, आम्ही सफरचंदाचा रस आणि सोडा पीत बसलो होतो, तिथून क्नोरह्युट्टंचा खडा चढ सुरू होतो. अर्ध्यात बाबा म्हणाले काहीतरी लागतंय पायाला. बघतो तर उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटून जबड्यासारखा उघडतोय, प्रत्येक पावलाला फटक फटक. बूट बाहेरून नवा कोरा दिसत होता, कारण नऊ वर्षांपूर्वी घेतलेला आणि "चांगल्या ट्रेकला वापरीन" म्हणून डब्यात ठेवलेला. ब्रँड सांगत नाही, बूट चांगलेच होते, चूक आमची. मी लेस काढून सोलभोवती गुंडाळली, वीस मिनिटांत तुटली. मग बाबांनी सॅकमधून आईने खाऊच्या डब्याला बांधलेली सुतळी काढली, आणि त्या सुतळीवर आम्ही हटपर्यंत पोचलो, तोवर डाव्या बुटानेही तोंड उघडलं होतं.

हटवर काउंटरला एक मुलगी, विशी-बाविशीची. तिने बूट बघितला, हसली नाही, आतून चिकटपट्टीचा जाड रोल आणि प्लास्टिकचे केबल टाय आणले आणि स्वतः बसून गुंडाळलं, वर सांगितलं की दर आठवड्याला एक जोडी तरी येते अशी. ती बाबांना "डू" म्हणत होती, अगदी सरळ एकेरी. मी बाबांना समजावलं की खाली सगळे "झी" म्हणजे अहो-जाहो करतात पण डोंगरावर सगळे "डू", वय-हुद्दा काही नाही. बाबा बँकेत ३४ वर्षं साहेब होते. त्यांनी थोडा विचार केला आणि तिला मराठीत म्हणाले, "तू पण बस गं, चिक्की खा." तिने खाल्ली.

लागरमध्ये झोप कोणाला लागली असेल तर बाबांना. बाकी खोलीला लागली नसावी. इअरप्लग मी आणले होते पण स्वतःसाठी, इतरांना वाटायला हवे होते हे पहाटे सुचलं.

पहाटे साडेपाचला निघालो. पठार म्हणजे नुसता पांढरा दगड, मर्मोट (खारीच्या कुळातले डोंगरी प्राणी) शिट्ट्या मारत होते, दिसला एकच. शेवटचा घसारा त्रासाचा, दोन पावलं वर एक खाली, मग लोखंडी दोर सुरू झाला आणि बाबा एकदम खुशीत, "आता हात लावता येतो." पट्टीवाले बूट कातळावर चांगले टिकले, घसाऱ्यात नाही. पावणेदहाला माथ्यावर.

आणि वर काय, गर्दी! चपला घातलेले लोक, बाबागाड्या, सॉसेजचा वास. आई खालच्या आइबझे तळ्याकडून रोपवेने दहा मिनिटांत आलेली, कोपऱ्यात ऊन धरून बसलेली. तिने आधी बुटांकडे बघितलं, मग बाबांकडे. "सुतळी कामाला आली ना?" हा पहिला प्रश्न. सोनेरी क्रूसापर्यंत जायला शिडी आहे, तिथे रांग होती, बाबा म्हणाले राहू दे, ते त्या लोकांसाठी आहे.

---

काटेकोर | २७ ऑगस्ट

अभिनंदन! बुटाबद्दल, म्हणजे पुढच्याच्या उपयोगी पडेल म्हणून. सोलच्या आत पॉलियुरेथेनचा फोम असतो, तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो, वापरला नाही तरी कुजतो, उलट डब्यात बंद ठेवला तर लवकर. आठ-दहा वर्षांच्या बुटाला निघायच्या आठवडाभर आधी अंगठ्याने दाबून, वाकवून बघा, आणि एखादा छोटा डोंगर करून या.

---

भटकी_वेणू | २८ ऑगस्ट

सुतळी!!! काकूंना सलाम. ते बूट टाकले ना मग?

---

इसारकाठचा | २८ ऑगस्ट

कुठले टाकतात. केबल टायसकट सॅकमध्ये घातलेत, नाशिकला नेणार आहेत, भद्रकालीतला त्यांचा मोची नवीन सोल शिवून देतो म्हणे. काटेकोर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, फोम कुजतो वगैरे, तर म्हणाले शिवलेलं कुजत नाही.